घर सोडताना: भिंतीतली भोकं, ठिबकता नळ आणि डिपॉझिट

प्रश्न: पुण्यात लिव्ह अँड लायसन्सवर तीन वर्षं राहून आम्ही टू बीएचके फ्लॅट सोडतोय. भिंतींना चौदा भोकं आहेत, स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो, बाथरूमच्या टाइल्सवर पांढरे डाग आहेत आणि बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आली आहे. मालक म्हणतात, सगळ्या घराचा रंग डिपॉझिटमधून कापणार. यातलं आमच्याकडे काय येतं? पैसे परत मिळेपर्यंत चावी ठेवून घेतली तर चालेल का?

उत्तर: भोकं, नळ आणि डाग तुमच्याकडे. ओल बहुधा मालकांकडे. तीन वर्षांत आपसूक फिका पडलेला रंगही मालकांचाच. पण पुट्टी आणायच्या आधी करारनामा काढून वाचा. काही करारांत ‘रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल’ अशी ओळ असते. ती असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर ते पैसे जाणारच. मग स्वतः रंगावर आणखी खर्च करू नका.

तशी ओळ नसेल, तर बहुतेक करारांत ‘नेहमीच्या वापराची झीज वगळून’ घर आहे त्या स्थितीत परत द्यावं, या अर्थाचं कलम असतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मध्ये भाडेकरूबद्दल हेच तत्त्व आहे. वापरून झिजलं ते मालकाचं, तुमच्या हातून बिघडलं ते तुमचं. किरकोळ दुरुस्त्यांची यादी केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात दिली आहे: नळ आणि वॉशर, गीझर, स्विच-सॉकेट, कड्या-कुलपं, खिडकीच्या काचा आणि जाळ्या भाडेकरूकडे, भिंतींचा रंग, पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे. हा नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक नाही. तरी समोरासमोर बोलताना ही यादी फार उपयोगी पडते.

आता भोकं. गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकलेला प्लास्टिकचा तुकडा, आत ठेवून वरून पुट्टी फासली तर महिनाभरात तिथे गोल चीर दिसते. गिट्टीत स्क्रू दोन-तीन आटे फिरवा आणि पक्कडीने स्क्रूसकट सरळ ओढा. नाहीच निघाली तर ठोकून अर्धा सेंटिमीटर आत ढकला. धूळ झटका आणि भोक पाण्याने ओलं करा. कोरडं प्लास्टर पुट्टीतलं पाणी शोषतं, मग पुट्टी आकसून सुटते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी श्रीखंडाइतकी घट्ट कालवा, तीही थोडी थोडी, कारण ती तास-दोन तासांत आवळते. चौदा भोकांना किलोभर भरपूर होते. सेंटिमीटरहून खोल भोक एका दमात भरू नका. पहिला थर किंचित खाली ठेवा, दुसरा दुसऱ्या दिवशी पत्र्याने सपाट ओढा. सुकल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग प्रायमर. प्रायमर चुकवला तर पुट्टी रंग पिते आणि तिथे ठिपका दिसतो. शेड नंबर तोच असला तरी तीन वर्षांच्या भिंतीवर नवा रंग वेगळा दिसतोच. म्हणून ठिपके मारू नका, ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवा. दहा बाय नऊ फुटांच्या भिंतीला दोन हातांसाठी साधारण लिटरभर इमल्शन लागतं.

नळ बरेच आटे फिरवून बंद होणारा असेल तर दोष बहुतेक वेळा वॉशरचा. खालचा अँगल कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, पान्याने स्पिंडल, म्हणजे आतला फिरणारा दांडा, काढा. टोकाला रबरी वॉशर असतो. तोच दुकानात दाखवून तसा घ्या. नवा घालूनही ठिबकत असेल तर आतली पितळी बैठक खरवडली आहे. नळ जोरात आवळून ठिबक थांबवू नका, वॉशर कापला जातो, नळच बदला. पाव फेरीत बंद होणाऱ्या नळात वॉशर नसतो, कार्ट्रिज असतं. तेही जुनं सोबत न्या. दात आणि लांबी जुळली नाही तर बसत नाही.

टाइल्सवरचे डाग बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात लावून पंधरा-वीस मिनिटांनी नायलॉनच्या ब्रशने घासा, मग भरपूर पाण्याने धुवा. अ‍ॅसिड वापरू नका. ते सांध्यातलं सिमेंट खातं, पाणी खाली झिरपतं आणि खालच्या फ्लॅटची तक्रार तुमच्या नावावर येते. उंबरा संगमरवरी असेल तर त्याला व्हिनेगरही नको.

ओलीवर रंग मारून झाकू नका, फुगा येणारच. बाहेरच्या भिंतीतून किंवा वरच्या बाथरूममधून पाणी येत असेल तर ते मालकांचं काम, फोटो काढून लेखी कळवा. तुमच्या वॉशिंग मशीनचा पाइप गळून झाली असेल तर मात्र खर्च तुमचा.

आणि चावी अडवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर ताबा न देणाऱ्याला परवाना शुल्काच्या, म्हणजे करारातल्या भाड्याच्या, दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. डिपॉझिटसाठी हे ओढवून घेण्यासारखं नाही. त्याऐवजी चावी देण्याच्या दिवशी उजेडात खोलीखोलीचा व्हिडिओ घ्या, विजेच्या मीटरचं रीडिंग टिपा, आणि ‘ताबा मिळाला, अमुक रकमेपैकी इतके या कारणासाठी कापले’ असं दोन प्रतींत लिहून मालकांची सही घ्या. प्रत्येक कपातीचं बिल मागा.

प्रश्न: आम्ही लावलेला एसी नेला तर भिंतीतलं भोक कोणी बुजवायचं?

उत्तर: तुम्ही. एसी काढताना तंत्रज्ञाला आधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायला सांगा, नाहीतर नव्या घरी गॅसचा वेगळा खर्च बसेल. भोक आतून विटेचे तुकडे आणि सिमेंट-वाळूने भरा. बाहेरच्या बाजूचा गिलावा पाणी बाहेर ओघळेल असा उतरता करा. सपाट ठेवलात तर पहिल्याच पावसात तिथून पाणी आत येतं.