आउलमॅन कुठून वाचायला घ्यावा?

मित्रा, आउलमॅन हा डीसी कॉमिक्समधला, समांतर जगातला बॅटमॅनचा खलनायकी प्रतिरूप; पण त्याला नुसता 'वाईट बॅटमॅन' समजू नकोस. १९६४ मध्ये 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका'च्या २९व्या अंकात तो क्राइम सिंडिकेट या खलनायकांच्या टोळीसोबत आला, तेव्हा त्याला भूतकाळच नव्हता. त्यांचं उलटं जग, पृथ्वी-३, मात्र भन्नाट: तिथला कोलंबस अमेरिकेहून निघून युरोप शोधतो! तो अंक चाळलास तरी चालेल.

सावकाश वाच ते २००० सालचं, लेखक ग्रँट मॉरिसन आणि चित्रकार फ्रँक क्वाइटलींचं 'जेएलए: अर्थ २'. इथे आउलमॅन म्हणजे ब्रूस वेनचा (आपल्याकडे जो बॅटमॅन होतो, त्याचा) भाऊ थॉमस. आई आणि ब्रूस पोलिसाच्या गोळीने गेले, वडील वाचले आणि पुढे पोलीसप्रमुख झाले. त्याचा सगळा राग त्या बापावर. बॅटमॅनची मूळ कथा आधी वाचलेली असेल, तरच हे काळजाला भिडतं.

अल्ट्रामॅन, म्हणजे त्याच टोळीतला वाईट सुपरमॅन, नंतर घे. सुपरमॅनला दुबळं करणाऱ्या क्रिप्टोनाइट खनिजाने त्याची ताकद उलट वाढते, एवढं सध्या पुरे.