कमिटीत नवीन आलायस म्हणून सांगतो

निवडणूक लागली की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय उसळतं ते दिसेलच तुला. 2022 मध्ये शिवसेना फुटल्यावर आपल्या ठाण्यात तर एकेका घरात दोन गट पडले. ग्रुपवर कुणाची समजूत काढायला जाऊ नकोस. थेट वर जा, बेल वाजव, चहा माग. समोरासमोर माणूस निम्मं तरी कमी बोलतो.

शेजारची भिवंडी बघ. 1970 आणि 1984 ला तिथे भयंकर दंगली झाल्या. नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान रहिवासी आणि पोलीस नेमाने एकत्र बसू लागले. 1992-93 ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. ओळख आधीची होती ना! तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. म्हणून पाण्याची टाकी, पार्किंग, लिफ्ट असल्या रटाळ कामांत सगळ्या मतांची माणसं मुद्दाम एकत्र घे. (पार्किंगवरून मात्र भांडणं होणारच, ती चालू देत.)

गणपतीची वर्गणी कुणी किती दिली, ते फलकावर लावू नकोस. फॉरवर्ड आला की एवढंच विचार, ‘तुम्ही स्वतः पाहिलंत का?’

आणि अमक्या धर्माच्या भाडेकरूला फ्लॅट नको, असं कुणी कानात सांगितलं, तर शांतपणे म्हण, ‘काका, लेखी अर्ज द्या, मीटिंगमध्ये वाचून दाखवतो.’ अर्ज सहसा येत नाही.