उष्टावण पाडव्याला, जेवण आजपासून

पत्र :

ताई, आम्ही बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातले. माझी मुलगी साडेसात महिन्यांची आहे. माझा भाऊ दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेलाय, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की गुढीपाडव्याच्या सुमारास येईल. सासूबाई म्हणतात, मामाच्या हातचा पहिला घास झाल्याशिवाय लेकराला अन्न लावायचं नाही. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात, सातवा हुकला म्हणून आता नववा. तोवर अंगावरचं दूध, वरणाचं पाणी आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. मी दोनदा चोरून मऊ भात भरवला, तर तिनं जिभेनं बाहेर ढकलला. एकदा ओकारी आल्यासारखं केलं आणि माझे हातपाय गळाले. अंगणवाडीतलं वजन दोन महिने सहा किलो तीनशेवरच आहे. सासूबाईंचं पहिलं लेकरू वरचं खायला लागलं आणि महिनाभरात हगवणीनं गेलं, म्हणून त्यांच्यापुढं माझं तोंड उघडत नाही. काय करू?

उत्तर :

लेकी, आधी काय करायचं ते सांगते, कारणं मागून. आज संध्याकाळपासून तिला घट्ट जेवण सुरू कर. आणि याच आठवड्यात तिला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. या वयाच्या बाळाचं वजन दोन महिने जागचं हलत नाही, हे डॉक्टरांनी बघायलाच हवं. अंगणवाडीतलं वजनाचं कार्ड सोबत ने. रक्त कमी आहे का, तेही तपासायला सांग.

सहा महिने नुसतं आईचं दूध पुरतं, अगदी मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही, वर पाण्याचा थेंब लागत नाही. सहा महिने पुरे झाले की मात्र त्या दुधाला जोड लागते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज रोज साधारण २०० कॅलरी जेवणातून मिळाव्या लागतात, नऊ महिन्यांपासून ३००. आणि लोह. बाळ तुझ्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहा महिन्यांच्या आसपास सरत येतो. आईच्या दुधात लोह थोडंच असतं. म्हणजे नेमकं साठा संपतो तेव्हा तिच्या वाटीत वरणाचं पाणी पडतंय. वर चहा, जो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. चहा-बिस्कीट आजच बंद कर. त्याबद्दल कुणाची मर्जी सांभाळू नकोस.

वरणाच्या पाण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण आपल्याकडं घरोघर हेच चालतं आणि प्रेमानं चालतं. डाळीचं सत्त्व पाण्यात उतरतं असं आपल्याला वाटतं. ते उतरत नाही, ते खाली बसलेल्या डाळीतच राहतं. तुझ्या लेकीचं पोट एका वाटीएवढं. ती वाटी पाण्यानं भरली की भूक मरते, दूधही कमी प्यायलं जातं आणि अंगाला काही लागत नाही. चमचा तिरका केल्यावर ओघळून जातं ते पातळ, चमच्यावर थांबतं ते बरोबर. हीच परीक्षा ठेव.

वेगळं काही रांधायची गरज नाही. घरचं वरण फोडणीला टाकण्याआधी खालची डाळ दोन पळ्या काढून ठेव, गुरगुट्या भातात हातानं कुस्कर, वर चमचाभर तूप किंवा घरातलं तेल. मिक्सरमधून काढून पाणीदार करू नकोस, कुस्करलेलंच दे. ज्वारीच्या कण्या भिजवून मुगाच्या डाळीबरोबर मऊ शिजव. आपल्या मातीतलं याहून चांगलं पहिलं जेवण मला माहीत नाही. त्यात शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून शिजू दे आणि उतरवल्यावर लिंबाचे चार थेंब पिळ, लिंबानं लोह अंगी लागतं. लाल भोपळा, गाजर, कुस्करलेलं केळ, पपई. घरात अंडं चालत असेल तर पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून जरूर दे, पिवळं आणि पांढरं दोन्ही. नवं काही दिलं की दोन-तीन दिवस तेच चालू ठेव, म्हणजे अंगावर पुरळ उठलं किंवा उलटी झाली तर कशानं ते कळेल. मीठ आणि साखर वर्षाच्या आत घालायची नाही. मध तर वर्षाच्या आत बोटभरसुद्धा चाटवायचा नाही. त्यातून तान्ह्या बाळाला जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं लहान मुलांच्या हाती नकोत, श्वासनळीत अडकतात.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. ती घेईल तसं वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत, दोन-तीन वेळा. अंगावरचं दूध आहे तसंच चालू ठेवायचं, दोन वर्षं आणि पुढंही.

तिनं जिभेनं ढकललं म्हणजे तिला नको आहे असं नाही. इतके महिने तिची जीभ फक्त चोखायला शिकली आहे, घास मागं न्यायला ती आत्ता शिकतेय. एकच पदार्थ दहा-बारा वेळा पुढं करावा लागतो. मांडीवर सरळ बसवून, तिच्या डोळ्यांत बघत, हळू भरव. आडवं धरून किंवा रडताना कधीच नाही. ओकारीसारखं येणं, खोकणं, तोंड लाल होणं, हे तिचं शरीर घास स्वतःच परतवतंय. त्या वेळी तोंडात बोट घालू नकोस. आवाजच बंद झाला, श्वास येईना, तर मात्र थांबायचं नाही. डोकं खाली ठेवून हातावर पालथं घ्यायचं आणि दोन्ही खांद्यांच्या मधे तळव्यानं पाच थापा मारायच्या. पुढं काय करायचं ते केंद्रातल्या नर्सबाईंकडून हातानं करून शिकून घे, घरातल्या सगळ्यांनीच.

आता सासूबाई. त्यांच्यावर रागावू नकोस. ज्या बाईनं भरवता भरवता लेकरू गमावलं, तिला घट्ट घासाची भीती वाटणारच. त्यांना हटवादी म्हणणारं पत्र तू लिहिलं नाहीस, हे मला फार भावलं. पण त्यांना हे सांगायला हवं : घट्ट भातानं हगवण लागत नाही. ती लागते दूषित पाण्यानं, न धुतलेल्या हातांनी, शिळ्या अन्नानं, बाटलीनं. म्हणून हे राखणीचं काम त्यांच्याच हाती दे. टँकरचं असो की हापशाचं, नातीसाठी पाणी उकळून झाकून ठेवायचं काम आजीचं. भरवणाऱ्यानं साबणानं हात धुतले का, हे बघायचं काम आजीचं. दुपारचं उरलेलं रात्री द्यायचं नाही, बाटली घरात आणायची नाही. तरी जुलाब झालेच तर दूध आणि जेवण बंद करायचं नाही, ओआरएस पाजायचं, झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या आणि आरोग्य केंद्र गाठायचं. आशाताईंकडून ओआरएसची दोन पाकिटं आजच आणून सासूबाईंच्या हाती ठेव. त्या वेळी त्यांच्याजवळ हे काही नव्हतं. लोहाचं औषधही आशाताईंना माग. सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा एक मिली, ते फुकट मिळतं. अंगणवाडीचा घरपोच आहारही तुझ्या लेकीच्या हक्काचा आहे.

उष्टावण मोडू नकोस, ठरल्या वेळीच कर. मामाच्या हातचा घास हा मानाचा घास आहे, तो पाडव्यालाही तितकाच गोड लागेल. चोरून भरवणं मात्र सोड, घरात लेकराचं जेवण लपवायची वेळ येऊ नये. रात्री टोळी कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, परतली की भावाला फोन लाव आणि सासूबाईंशी त्यालाच बोलू दे : "मावशी, माझ्या भाचीला जेवू घाला, मी पाडव्याला वाटी-चमचा घेऊन येतो." दिवसभर उसात राबलेल्या मामाचं हे बोलणं त्या ऐकतील असं मला वाटतं. नाहीच ऐकलं, तर आशाताईंना घरी बोलाव, नवऱ्याला शेजारी बसव. आणि त्या नको म्हणत असल्या तरी घास भरव.

महिन्यानं पुन्हा वजन कर आणि आकडा मला कळव. मी वाट बघते.