माळ्यावरचा ऐवज : वाचकांचे प्रश्न

इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत काय न्यावं, काय घ्यावं, यावर या वेळी बरीच पत्रं आली. सारख्या पत्रांना एकच उत्तर दिलं आहे. 'किंमत किती येईल' हे मात्र कुणालाच सांगितलेलं नाही. फोटो पाहून आकडा सांगणारा बहुधा स्वतःच गिऱ्हाईक असतो.

रामबागेतलं आमचं जुनं घर पाडायचं आहे. माळ्यावर तांब्या-पितळेची भांडी, दोन संदुका कागद, तसबिरी आणि एक बंद लंबकाचं घड्याळ आहे. एक व्यापारी सगळं एकरकमी उचलायला तयार आहे. देऊन टाकावं का?

नाही. एकरकमी सौद्यात व्यापारी फक्त पितळेचं वजन मनाशी धरतो, कारण त्यालाही तेवढंच खात्रीचं असतं. बाकीचं त्याला फुकट पडतं. शिवाय त्याला घाई असते आणि तुमच्या दारात बुलडोझर उभा असतो.

सुरुवात कागदांपासून करा. भांडं दोन वर्षं अंगणात राहिलं तरी भांडंच राहतं. कागद एका पावसात संपतो. कापडात बांधलेले रुमाल असतील तर सोडून गठ्ठे एकमेकांत मिसळू नका. कोणता कागद कोणाशेजारी होता यावरूनच पुढे वाचणाऱ्याला संदर्भ लागतो. मऊ ब्रशनं वरची धूळ काढा, उन्हात टाकू नका, फाटलेल्या कडांना सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन शाईत उतरतो, आणि लॅमिनेशन कागदाला इजा न करता पुन्हा सोडवणं जवळपास अशक्य असतं. मोडी लिपी वाचता येत नसेल तर आधी फोटो काढा, मग पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा आपल्या जवळची सीतामऊची नटनागर शोध संस्थान यांना दाखवा. मोडी कागदात सुहूर सन (मराठा दप्तरातली जुनी कालगणना) दिसला तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो.

मग भांडी. तांबं, पितळ आणि कासं वेगवेगळं करा, कारण तिघांचे मोडीचे भाव वेगळे असतात आणि ढिगात कासं पितळेच्या भावानं जातं. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२. बोटानं टिचकी मारली की घंटेसारखा लांब नाद देतं आणि पडलं तर चेपत नाही, फुटतं. पितळ 'ठक्' करून गप्प होतं. प्रत्येक भांड्याचा काठ आणि बूड पाहा. टिंब-टिंब ठोकून घातलेलं नाव, गाव, साल असेल तर ते भांडं मोडीत घालू नका. साल शालिवाहन शकाचं असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा (वर्षअखेरीच्या महिन्यांत ५६). आपल्याकडे दोन्ही सापडतात, एकाच घरात सापडतात. उरलेल्याचं वजन घरी करून कसेरा बाजारात दोन दुकानांत भाव विचारा, आणि त्यानंतरच व्यापाऱ्याशी बोला.

घड्याळाला चावी देऊन पाहण्याचा मोह आवरा. वर्षानुवर्षं सुकलेल्या तेलावर चाकं फिरली की खुंट्यांची भोकं खाऊन मोठी होतात. लंबक काढून वेगळा गुंडाळा. लटकत ठेवून हलवलं तर त्याला धरणारी पोलादी पट्टी तुटते.

घड्याळ, तसबिरी असल्या वस्तू दुकानात जाकड ठेवता येतात, म्हणजे विकल्या गेल्या तर पैसे, नाही तर वस्तू परत. तोंडी व्यवहार करू नका. दोन प्रतींत चिठ्ठी करा : फोटो, आधीपासून असलेले तडे आणि टवके, कमीत कमी किंमत, दुकानाचा हिस्सा किती टक्के, मुदत, आणि फुटलं तर भरपाई कोणाची. शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या चिठ्ठीत नसतो आणि नेमका त्यावरूनच ओटल्यावर आवाज चढतात.

देवघरातली पितळी समई आणि मूर्ती लिंबू-मीठ लावून घासली. लखलखीत झाली, पण पावसाळ्यात पोपटी ठिपके आले आणि काही जागी गुलाबी छटा दिसते. काय चुकलं? (सुदामा नगर)

मीठ चुकलं. गुलाबी छटा अशी येते : पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आंबट पदार्थ जास्त वेळ राहिला की जस्त आधी विरघळतं आणि पृष्ठभागावर नुसतं तांबं उरतं. ती छटा पुसून जात नाही, फार तर पॉलिशनं झाकते. पोपटी ठिपक्यांचा मामला जास्त गंभीर आहे. कोरीव कामाच्या खाचांत मिठातलं क्लोराइड उरतं, दमट हवेत ते धातूशी लागतं आणि भुसभुशीत फिकट पूड वर येते. ही पूड खरवडली तरी पुन्हा येते. गडद हिरवा किंवा तपकिरी, घट्ट बसलेला थर मात्र निराळा. तो वयाचा आहे, धातूचं रक्षण करतो, आणि जाणकार गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं.

आता करायचं ते एवढंच : डिस्टिल्ड वॉटर तीन-चार वेळा बदलून मूर्ती धुवा, सुती कापडानं टिपून पंख्याखाली पूर्ण वाळवा, आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पूड पुन्हा आली तर जतनतज्ज्ञाकडे न्या. रोज तेलवात होणारी समई घासायला हरकत नाही, फक्त मीठ टाळा, चिंचेचा कोळ दोन-तीन मिनिटांवर ठेवू नका आणि लगेच पुसून कोरडी करा. पूजेची जुनी मूर्ती पाण्यानं आणि मऊ कापडानं पुसणं पुरे. नाक-डोळे आधीच शंभर वर्षांच्या घासण्यानं गेलेले असतात, उरलेले तरी राहू द्या.

कल्हईबद्दल याच पत्रात विचारलं आहे. आंबट शिजवायच्या भांड्याला कल्हई हवीच. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी फिरवून कापसानं पसरवतो. काम उघड्यावर करून घ्या, तो धूर घशाला लागतो. कथील शुद्ध आहे ना, हे विचारा, कारण शिसं मिसळलेलं असेल तर ते अन्नात उतरतं. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की कुरकुर ऐकू येते. घरी आणल्यावर रिकामं भांडं आचेवर ठेवू नका. कथील २३२ अंशांना वितळतं, आणि फोडणीआधी कोरडी तापत ठेवलेली कढई तिथवर सहज जाते.

आजीच्या डब्यात काही राणीछाप रुपये आणि सूर्याचा चेहरा असलेला एक जाडसर होळकरी रुपया आहे. खरे आहेत का, हे घरी कळेल? (लोकमान्य नगर)

बरंचसं कळेल. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या इंग्रजी अमलातल्या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि चांदी ९१.७ टक्के. वापरानं वजन थोडं घटतं, वाढत मात्र नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे हलवून सोडवा. काट्यावर साधारण १.१३ आलं तर धातू बरोबर आहे. १.३० च्या आसपास आलं तर आत तांबं किंवा तांबं-निकेल आहे आणि वर नुसता मुलामा. नाणं झिजलेलं असेल तर त्याचं वजन या आकड्यानं भागा. १०.३ च्या जवळपास यायला हवं.

मग मजकूर पाहा. १८७६ पर्यंत 'व्हिक्टोरिया क्वीन', १८७७ पासून 'एम्प्रेस'. १८६२ साल आणि एम्प्रेस एकाच नाण्यावर असतील तर पुढे तपासायची गरज नाही. १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आली, तेव्हा १९४० नंतरचा रुपया 'शुद्ध चांदीचा' म्हणून घेऊ नका. १९३९ चा रुपया दुर्मीळ आहे, म्हणून त्याच्या नकलाही फिरतात.

सूर्यमुखी रुपया मल्हारनगर टाकसाळीचा, म्हणजे आपल्याच इंदूरचा. वरचा मजकूर फारसीत, शाह आलमच्या नावाचा, हे पाहून गोंधळू नका. मराठा संस्थानांनी बादशहाच्या नावानं नाणी पाडणं तेव्हा रिवाजातलं होतं. बेलपान आणि शिवलिंग दिसलं तर तो अहिल्याबाईंच्या परंपरेतला छाप. या नाण्यांचा ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे अक्षरं कडेला अर्धवट कापली जातात. हे खरेपणाचं लक्षण आहे. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक खड्डे असतात, अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या गोल होतात आणि काठावर सांधा किंवा कानस फिरवल्याच्या रेघा दिसतात. दुकानात एकसारखी कापलेली दोन होळकरी नाणी शेजारी-शेजारी दिसली तर दोन्ही खाली ठेवा.

नाणं घासू नका. हा मुद्दा वर येऊन गेला आहे, तरी पुन्हा सांगतो.

'एचएमव्ही'चा पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन घ्यावासा वाटतो. ओळखायचा कसा?

चकचकीत अष्टकोनी पितळी कर्णा, कोरीव नव्या लाकडाची पेटी आणि कुत्र्याचा पितळी बिल्ला, असं तिन्ही एकत्र दिसलं तर ती बहुधा आजकाल जुळवलेली वस्तू. आत एखाद्या जुन्या पेटी-ग्रामोफोनची मोटर असते. रेकॉर्ड जिच्यावर फिरते ती तबकडी उचलून पाहा : मोटर बसवायला नव्यानं पाडलेली भोकं, हँडलच्या भोकाला न जुळणारा दांडा, कर्ण्याला जोडणारा कोपरा ओतीव नसून पत्र्याला डाग देऊन केलेला. शोभेला ठेवायचा असेल तर घ्या, पण शोभेच्या भावात घ्या.

अस्सल यंत्र असेल तर पूर्ण चावी देऊन वाजवा. आत मधूनच 'धप्प' आवाज आला तर मुख्य स्प्रिंगवरचं ग्रीस वाळून वेढे एकमेकांना चिकटलेत. ग्राफाइट ग्रीस भरून ते सुटतं, पण स्प्रिंगचा डबा घरी उघडू नका. आत गुंडाळलेली पोलादी पट्टी सुटली तर बोटं कापते. आवाज खरखरीत येत असेल तर साउंडबॉक्समधलं (सुई बसवलेल्या गोल डबीतलं) रबर कडक झालेलं असतं. तिथं मऊ रबरी नळी बसवली की काम भागतं. पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी. घासलेली सुई रेकॉर्डची खाच कापते, आणि मग ती पांढुरकी दिसते. या यंत्रावर प्लास्टिकच्या एलपी लावल्या तर पहिल्याच फेरीत त्यांचा निकाल लागतो.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्ड लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझर, कोलोन, काच पुसायचं द्रावण, काहीही लावू नका. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एक थेंब, मखमली कापड, लेबल कोरडं. उभ्या ठेवा, आणि मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीपासून दूर.

अमेरिकेतला मुलगा घरातली जुनी दगडी मूर्ती आणि हस्तिदंती फण्यांची पेटी नेऊ म्हणतो. चालेल?

मूर्ती १०० वर्षांहून जुनी असेल तर नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. जुनी शिल्पं, चित्रं, सचित्र पोथ्या घरात ठेवायलाही पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते, आणि मालक बदलला तर तेही कळवावं लागतं. हस्तलिखितांना मर्यादा ७५ वर्षांची. मूर्ती अलीकडची असेल तर तसं प्रमाणपत्र त्याच खात्याकडून आधी घ्यावं. विमानतळावर 'आमच्या आजोबांची आहे' हे सांगून उपयोग होत नाही, उलट वय तुम्हीच कबूल करता.

हस्तिदंत नेता येत नाही आणि विकताही येत नाही. वारसानं आलेल्या वस्तूसाठी वनविभागाकडे चौकशी करून मालकीचे कागद आहेत का ते पाहा. खरोखर हस्तिदंत आहे का, ते कापलेल्या टोकाकडे भिंगातून कळतं : एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी असेल तर हस्तिदंत, बारीक काळे ठिपके असतील तर हाड. तापलेली सुई टोचून पाहू नका.

स्टीलच्या नळीची एक जुनी खुर्ची 'माणिकबागेतली' म्हणून विकायला आहे. शक्य आहे का? (मनोरमागंज)

शक्य आहे, संभव मात्र फार थोडा. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांनी १९३० पासून माणिकबाग राजवाडा उभारला आणि सजवला. त्यातल्या सामानाचा मोठा भाग १९८० मध्ये मोनाकोत सदबीजच्या लिलावात गेला. इमारतीत आता केंद्रीय कर खात्याचं कार्यालय आहे, आणि नेमकी हीच अडचण आहे : सरकारी कचेरीतून निघालेली कोणतीही नळीची खुर्ची या नावानं विकता येते. खुर्ची उलटी करा. मूळ स्क्रूंच्या डोक्यावर अधिकाची खूण असेल तर ती १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची नाही, तेव्हा एका खाचेचे स्क्रू असत. क्रोम उडालेल्या जागी थेट गंज असेल आणि मध्ये निकेलचा पिवळसर थर दिसत नसेल तर मुलामा स्वस्तातला आहे. कागद, जुना फोटो किंवा लिलावाची नोंद नसेल तर खुर्चीचेच पैसे द्या, राजवाड्याचे नाही.

तांदूळ ओढणारं तांब्याचं भांडं आणि हनुमानाचं चित्र असलेली १८१८ ची ईस्ट इंडिया कंपनीची नाणी कोट्यवधींना जातात म्हणे?

तांबं काहीच ओढत नाही. दाखवताना तांदळात लोखंडाचा कीस असतो किंवा भांड्यात चुंबक. कंपनीनं राम-हनुमानाची नाणी व्यवहारासाठी कधी पाडली नाहीत. ती देवळाबाहेर मिळणारी टोकनं आहेत. 'तपासणीच्या फी'चे पैसे मागितले की उठून या, आणि मागणारा ओळखीचा असेल तर पोलिसांतही सांगा.

घासाघीस किती करावी?

वस्तूत दोष दाखवून भाव पाडायचा असेल तर दोष खरा असावा. दुकानदाराला तो तुमच्या आधीच ठाऊक असतो. बोहनीच्या वेळी जा, रोख न्या, आणि एका दुकानातला भाव शेजारच्या दुकानात सांगू नका. चहा दोघेही एकाच टपरीवर पितात.