ठाण्यातून चालत जंगलात जाता येईल असा एखादा रस्ता आहे का?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्याहून नुकतेच ठाण्यात राहायला आलात, स्टेशनजवळ घर आहे, गाडी नाहीये, बाबा पासष्टीचे आहेत पण रोज चालणारे आहेत, आणि रविवारी त्यांना घेऊन झाडीत, गावाकडे गेल्यासारखं वाटेल असं कुठंतरी पायी जायचंय. आहे ना असा रस्ता. येऊर. मी वर्तकनगरला वाढलो, त्या डोंगराकडे बघतच शाळेत गेलो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

सगळे तुम्हाला सांगतील की उपवन तलावापर्यंत रिक्षा करा आणि तिथून पुढे चाला. बाबांना घेऊन जाल तेव्हा तसंच करा, पण एकदा तुम्ही स्वतः स्टेशनपासून चालत जाच. सकाळी सहाच्या आत पश्चिमेला बाहेर पडायचं, तलावपाळीला वळसा घालून, कौपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडून खोपटवरून कॅडबरी जंक्शनला यायचं, तिथे हायवे ओलांडला की पोखरण रोड नंबर एक लागतो तो सोडायचाच नाही, वर्तकनगरवरून तो तुम्हाला थेट उपवनला नेऊन सोडतो. पाचेक किलोमीटर असेल, सव्वा तास धरा. हा भाग काही सुंदर वगैरे नाहीये, दुकानांची शटरं, टॉवर, बसची गर्दी, पण तो पायाने तुडवल्याशिवाय पुढचं कळत नाही असं माझं मत आहे. कारण उपवनच्या तलावाशी तुम्ही येता तेव्हा तलावापलीकडे एकदम डोंगरच उभा असतो, इमारती संपतात म्हणजे अक्षरशः तिथेच संपतात.

उपवनवरून येऊरचा चढ सुरू होतो. वाटेत वनखात्याचा नाका लागतो, तिथे जी काही नोंद किंवा पैसे मागतील ते द्यायचे, वाद घालायचा नाही. लोक ज्याला बोरिवलीचं नॅशनल पार्क म्हणतात ना, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, शंभर चौरस किलोमीटरपेक्षा थोडं जास्तच आहे, त्याचाच हा पूर्वेकडचा उंबरठा आहे. रस्ता डांबरी आहे, वळणावळणाचा आहे, चढ अंगावर येणारा नाही, तुमच्या बाबांना सहज जमेल. आमच्या चालीने वर पाटोणापाड्यापर्यंत तास-सव्वा तास लागतो, पण आम्ही थांबत थांबत जातो. थांबावंच लागतं, कारण पहिल्या दोन वळणांतच गाड्यांचा आवाज मागे पडतो आणि तांबट पक्ष्याचं टुक टुक टुक ऐकू यायला लागतं, मग तो कुठल्या झाडावर आहे हे शोधत मान दुखेपर्यंत उभं राहायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेली असते, पानं गळालेल्या डोंगरात लाल-केशरी ठिपके लांबूनच दिसतात.

पण मला विचाराल तर खरं येऊर वर पोचल्यावर आहे. पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा, हे वारली लोकांचे पाडे आहेत, ठाणे एवढं वाढायच्या किती आधीपासून ही माणसं इथे आहेत. पावसाळ्यात भाताची खाचरं भरलेली असतात, बांधावर बगळे, लावणीला वाकलेल्या बायका, आणि मान वर केली तर झाडांच्या वर कुठेतरी ठाण्याचे टॉवर. तुम्हाला गावाकडचं हवंय ना, ते हेच. फक्त एक लक्षात ठेवा, ती लोकांची घरं आहेत, पिकनिक स्पॉट नाही. अंगणात शिरून फोटो काढू नका, आधी नमस्कार करा, दोन शब्द बोला, विचारा, मग बघा कसं बोलतात ते.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर गेलात तर कोपऱ्यावर एखादी मावशी टोपली घेऊन बसलेली दिसेल. टोपलीत शेवळं, ही एक रानभाजी. साताऱ्याकडे तुम्ही बघितली नसतील कदाचित, लांब दांड्याची, गुंडाळलेल्या पानासारखी, आत पिवळसर आणि जांभळट दांडा. ती नुसती घेऊन जाल तर घशाला अशी खाज सुटेल की परत नाव काढणार नाही. त्याच्याबरोबर काकडं घ्यायची, छोटी हिरवी आंबट फळं असतात, तीच मावशी शेजारी वाटा लावून बसलेली असते. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं चिरून तेलात चांगलं परतायचं, काकडांचा रस घालायचा, मग वाल नाहीतर कोलंबी. माझी आई वर्षातून एकदाच करायची आणि त्या दिवशी घरात दुसरं काही शिजायचं नाही. मेमध्ये असाल तर पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं मिळतात, तिथे भाव पाडू नका प्लीज, ती काट्यांतून हात घालून एकेक तोडलेली असतात.

आता कारवीचं सांगायलाच हवं. डोंगरउतारावर पुरुषभर उंचीची झुडपं दिसतील, खरखरीत पानांची, एरवी कुणी बघतही नाही. वारली घरांच्या कुडाच्या भिंती याच कारवीच्या काठ्यांच्या, वर माती-शेणाचा लेप. ती सात वर्षं नुसती वाढते आणि आठव्या वर्षी सगळी एकदम फुलते, बी टाकते आणि मरून जाते. या जंगलात 2016 ला फुलली होती, तेव्हा मुलगी पाचवीत होती, तिला खांद्याशी धरून दाखवली, अख्खा उतार जांभळा आणि मधमाश्यांचा असा घोंगावता आवाज की आपण हळू बोलायला लागतो. नंतर 2024 ला फुलली, तेव्हा तीच मला घेऊन गेली, कॉलेज बुडवून.

आणि एक चूक सांगतो म्हणजे तुम्ही करू नका. 2016 च्याच त्या सप्टेंबरात मी फुलांच्या नादात एकटा रस्ता सोडून एका पायवाटेने आत गेलो, म्हटलं दहा मिनिटं. कारवी डोक्याच्या वर, चारी बाजूंनी सारखी, वर धुकं उतरलं, मोबाईलला रेंज नाही, आणि तासभर मी एकाच ओढ्याशी फिरून फिरून येत होतो. मग लाकडाची मोळी घेऊन जाणारे एक बाबा भेटले, काही विचारलं नाही, फक्त "चल मागं" म्हणाले आणि रस्त्यावर आणून सोडलं. मी पैसे द्यायला लागलो तर हात मागे घेतला, म्हणाले "पोरं वाट बघत असतील, जा." तेव्हापासून मी डांबरी रस्ता आणि पाड्यांच्या वाटा सोडत नाही. तसंही आतल्या वाटांना वनखात्याची परवानगी लागते, घ्यायची आणि माहितगार माणूस बरोबर घेऊनच जायचं.

बिबट्या आहे. घाबरवत नाहीये, पण आहे, हे त्याचंच घर आहे. उजाडल्यावर चढायचं, संध्याकाळच्या आत खाली. कुत्रा बरोबर नेऊ नका, खाण्याची पाकिटं टाकू नका, कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. बाबांना मधेच खाली वाकून बसू देऊ नका, बसायचं तर मोकळ्यावर, चार जणांत. पावसाळ्यात ओढ्यात, धबधब्यात उतरायचं नाही, पाणी किती पटकन चढतं ते वरून कळत नाही, बऱ्याचदा बंदीही असते. स्पीकर लावून गाणी तर अजिबात नको, दर रविवारी कुणीतरी लावतंच आणि मला खरंच त्रास होतो, कारण त्या दिवशी पक्षी ऐकू येत नाहीत आणि पाड्यातल्या लोकांनाही निवांतपणा मिळत नाही.

पाणी भरपूर घ्या, पायात जुने पण पकडीचे बूट, पावसात छत्रीपेक्षा जॅकेट बरं. बाबा दमले तर येऊरवरून स्टेशनला टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची बस आहे, फक्त ती भरवशावर सोडू नका, वर चढतानाच परतीची वेळ कंडक्टरला नाहीतर पाड्यात विचारून घ्या. खाली आल्यावर भूक लागलेली असतेच, स्टेशनजवळ मामलेदारला मिसळ खा, बाबांना तिखट झेपत नसेल तर कमी तिखट मागा. आणि भाद्रपदाच्या आसपास तेरडा फुललेला असतो, तर त्या सुमारास एखाद्या रविवारी जाच.