मुखवटा नंतर, आधी ते बंद दार बघ

पोरी,

तुझा मेल मिळाला. मुंबईच्या त्या टीमनं तुला रायटिंगला घेतलं हे वाचून लई भारी वाटलं बघ, आणि काम पण कसलं, तर सहा भाग येऊन गेलेली आणि मग कित्येक वर्षं बंद पडलेली स्लॅशर, म्हणजे खुनी एकेकाला मारत सुटतो तसल्या सिनेमांची, सीरिज आजच्या पोरांसाठी परत उभी करायची. सोबत जोडलेली नोट पण वाचली. मेहनत दिसतीय. पण खुन्याचा मुखवटा नवा कसा करायचा, त्याच्या हातात हत्यार कुठलं द्यायचं, त्याच्या लहानपणी काय घडलं, मागच्या भागातनं तो वाचला कसा, ह्यातच पानंच्या पानं गेलीत, आणि ज्या पोरी मरणार किंवा वाचणार त्यांच्यासाठी सगळ्या मिळून चार ओळी. एक रील्स करणारी, एक टॉपर, एक बिनधास्त, एक लाजाळू. तिथं मला राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिल्यांदा एक कर. तुमच्या सीरिजचा पहिला भाग परत बघ, फक्त पहिला, पुढचे पाच आलेच नाहीत असं समजून, आणि बघताना खुनी कुठनं येतोय ते सोड, मदत कुठनं येत नाही तेवढं वहीत लिहून काढ. माझ्या मते स्लॅशरचा जीव तिथं असतोय.

१९७८ चा हॅलोवीन तू बघितलायस. जॉन कार्पेंटरनं सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास केलेला, मुखवटा म्हणजे दुकानातनं आणलेला, स्टार ट्रेकमधल्या कॅप्टन कर्कचा रबरी चेहरा, त्याला पांढरा रंग मारलेला, म्युझिक पण कार्पेंटरनं स्वतःच केलेलं. लोक त्या मुखवट्याच्या गोष्टी सांगत बसतात, पण तू शेवटाकडची ती जागा काढून बघ जिथं नायिका लॉरी मैत्रिणींची प्रेतं बघून कशीबशी बाहेर पडते आणि शेजारच्या घराचं दार बडवते, वाचवा म्हणून ओरडते. पोर्चचा दिवा लागतो. खिडकीच्या पट्ट्या हलतात, म्हणजे आत माणूस जागं आहे, त्यानं तिला बघितलंय. आणि दिवा बंद होतो. बस, एवढंच. आतल्या माणसाचा चेहरा नाही, एक शब्द नाही, आणि तो माणूस काही दुष्ट नसणार, हॅलोवीनची रात्र आहे, पोरं चेष्टा करतायत असं वाटलं असेल त्याला. खुनी मायकेल मायर्स तर मागनं येतोयच, त्याला घाई पण नाही. पण तो दिवा विझतो तेव्हा तुला कळतं की ही पोरगी आता एकटी आहे, भर वस्तीत, दोन्ही बाजूला घरं असताना.

हे एकदा दिसलं की मग सगळीकडं दिसायला लागतं. १९८४ च्या नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीटमधी आता पोरांच्या स्वप्नात येऊन मारणाऱ्या फ्रेडीला आईबापांनीच पूर्वी जाळलेलं असतं आणि ते पोरांपासनं लपवलेलं असतं, नायिका नॅन्सी जीव तोडून सांगतीय तर आई घराच्या खिडक्यांना गज बसवून घेते, म्हणजे पोरगी सुरक्षित राहावी म्हणून तिला खुन्यासकट आत कोंडली. बाप पोलिसात, समोरच्याच घरात, तरी वेळेवर येत नाही. १९९६ च्या स्क्रीमची सुरुवात घे, गॅसवर पॉपकॉर्नची फॉइल फुगत चाललीय, फोनवर खुनी गोड बोलतोय, हे सगळ्यांना आठवतं, पण खरा वार नंतर आहे. आईबाप गाडीतनं उतरून घरात शिरतात, पोरगी अंगणात जिवंत आहे, चार पावलांवर, पण गळ्यातनं आवाजच फुटत नाही. आईला तिची धाप ऐकू येते ती फोनच्या रिसीव्हरमधनं.

तू म्हणशील हे झालं अमेरिकेचं. मग आपल्या गावचं, कोल्हापूरचं सांगतो. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभावरनं तू रोज जायचीस, त्या बाबूराव पेंटरांनी १९२० साली सैरंध्री केला, मूकपट, आणि त्यातला कीचकवध पडद्यावर इतका खरा वाटला की इंग्रज सरकारनं त्याला कात्री लावायला लावली. आता बघ, कीचक मरणार हे थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला लहानपणापासनं पाठ होतं, आजीनं सांगितलेलं, कीर्तनात ऐकलेलं, भीम अंधारात वाट बघत बसलाय हे पण ठाऊक, म्हणजे सरप्राइज शून्य, तरी लोक हादरले. त्या गोष्टीत पण मूळ काय आहे, तर भर दरबारात कीचक सैरंध्रीला, म्हणजे द्रौपदीला लाथ मारतो आणि राजा विराट गप्प, वेष बदलून बसलेला नवरा गप्प, ती एकेकाच्या तोंडाकडं बघतीय आणि कोणी उठत नाही. ते आधी पोटात गेलेलं असतं म्हणून पुढचं रक्त लागतं. नुसतं रक्त आज मोबाइलवर फुकट मिळतंय, त्यासाठी कोण तिकीट काढणार.

म्हणून रिवाइव्ह करायचं म्हणजे मुखवट्याला पॉलिश मारायचं असं समजू नको. तुमच्या सीरिजमधी दार कुणी उघडलं नव्हतं आणि आज ते कोण उघडणार नाही, एवढं सापडलं की अर्धं काम झालं.

२०१८ चा हॅलोवीन ह्याच वाटेनं गेला म्हणून उभा राहिला असं मला वाटतं. डेव्हिड गॉर्डन ग्रीननं मधले सगळे भाग बाजूला ठेवले, १९८१ च्या दुसऱ्या भागात लॉरी ही मायकेलची बहीण आहे असं जे जोडलं होतं ते सुद्धा काढून टाकलं, ते बरं केलं, कारण बहीण म्हटलं की कारण मिळतं आणि कारण मिळालं की बघणारा निवांत होतो, म्हणतो मी कुठं त्याचा भाऊ. पण माझ्या दृष्टीनं त्यातली मोठी गोष्ट जेमी ली कर्टिसनं केलेली म्हातारी लॉरी. चाळीस वर्षं ती सांगतीय तो परत येणार, घराला कुलपं, बंदुका, मुलीला लहानपणी तिच्यापासनं काढून नेलं होतं, आता ती मुलगी पण आईला वेडी समजतीय. म्हणजे त्या रात्री शेजाऱ्यानं उघडलं नाही आणि आता घरचेच उघडत नाहीत. ज्या पोरानं १९७८ चा एक फ्रेम बघितला नाही त्याला पण हे कळतं, कारण न ऐकलेली बाई प्रत्येकाच्या घरात असते. साधारण १ कोटी डॉलरच्या सिनेमानं जगभर २५ कोटीच्या वर धंदा केला, तो नुसत्या जुन्या फॅन लोकांवर होत नाही.

आता तुझा मोबाइलचा प्रश्न. सगळ्यांच्या खिशात फोन असताना भीती कशी दाखवायची, आणि त्यावर तू उपाय काय काढलायस, तर रेंज नाही. कृपा कर, रेंज घालवू नको. २०२२ च्या स्क्रीमची सुरुवात नीट बघ. टारा घरी एकटी, स्मार्टफोन हातात, मैत्रिणीशी मेसेज चाललेत, ॲपवरनं घराची सगळी दारं लॉक करता येतात, आणि ती करते, आणि स्क्रीनवर बघता बघता ती परत अनलॉक होतात. ती परत लॉक करते. परत अनलॉक. १९९६ मधी फोन म्हणजे खुन्याचा आवाज होता, इथं फोन म्हणजे घराची किल्ली झालीय आणि ती दुसऱ्याच्या हातात पण आहे. जे नवं आलंय त्यातच शिरले ते लोक, त्याच्यापासनं पळाले नाहीत.

तुझ्या नोटमधल्या खुन्याच्या बालपणावर मी सरळ काट मारीन. रॉब झॉम्बीनं २००७ च्या हॅलोवीनमधी मायकेलचं लहानपण सविस्तर दाखवलं, २०१० च्या नाइटमेअरनं फ्रेडीचं पूर्वीचं कृत्य जास्त उघडं करून सांगितलं, दोन्हींनी पैसे मिळवले, पण तो २०१० चा झाल्यावर ती सीरिज पडद्यावर पुढं गेलीच नाही. खुन्याची कुंडली मांडली की तो पेशंट होतो.

मग दार कुठलं? लाइव्हवर पोरगी ओरडतीय आणि बघणारे प्रमोशन समजून हार्ट टाकतायत, हे तू लिहिणार हे मला माहीत आहे, आणि ते वाईट नाही, पण ते प्रत्येकाला सुचतं. तू जवळचं बघ ना. राजारामपुरीत, युनिव्हर्सिटीच्या आसपास किती पीजी आहेत, गडहिंग्लज, चंदगडकडच्या तुझ्या मैत्रिणी राहिल्यात तिथं. साडेनवाला पीजीच्या मालकीण काकू गेटला कुलूप लावतात, नंतर कुणी आलं तर उघडायचं नाही हा नियम, आणि नियम पोरींच्या सेफ्टीसाठीच. आता एक पोरगी पावणेदहाला गेटवर. आत ग्रुपवर तिचा मेसेज पडलाय, सगळ्यांनी बघितलाय, निळ्या टिका आल्यात. एक जण उठती, किल्ली काकूंच्या खोलीत, काकूंचा टीव्ही चालू, मागच्या महिन्यात हिलाच घरी फोन लावून बोलणी बसलेली, ती दारापर्यंत जाती आणि परत फिरती, दोन मिनिटांनी बघू म्हणती. ह्यात खुनी अजून दिसलाच नाही आणि मला आत्ताच कसं तरी झालं. ती परत फिरलेली पोरगी तुझी नायिका कर, पुढचा सगळा सिनेमा तिच्या मानेवर बसेल. आणि तिला टॉपर, लाजाळू असलं काही लेबल लावायची गरजच उरणार नाही.

लिहिलेलं तपासायला फॅन लोकांना दाखवू नको, ते मागच्या भागाच्या खुणा मोजत बसतात. तुझ्या मावसभावांना, त्यांच्या मित्रांना बसव, ज्यांनी सीरिजचं नाव पण ऐकलं नाही, पहिला भाग लाव, आणि तू पडद्याकडं बघू नको, त्यांच्या हाताकडं बघ. फोन कुठं खाली ठेवला, कुठं परत उचलला, वेळ लिहून ठेव. ज्या जागी सगळ्यांनी ठेवला ती जागा नव्या सिनेमात कुठल्या ना कुठल्या रूपात हवीच, आणि जिथं उचलला तिथला भाग कितीही आयकॉनिक असला तरी सोडून दे.

एक कोरडी गोष्ट राहिली. प्रोड्युसरला हक्काचे कागद विचार, लाजू नको. फ्रायडे द थर्टीन्थ २००९ च्या रीबूटनंतर वर्षानुवर्षं अडकली ती नुसती कथेपायी नव्हे, १९८० च्या पहिल्या भागाचा लेखक व्हिक्टर मिलर आपल्या स्क्रिप्टचे अमेरिकेतले हक्क परत मागायला लागला, कंपनीनं त्याच्यावर केस केली आणि २०२१ मधी अपिलात पण त्याच्याच बाजूनं निकाल लागला म्हणून. त्या सीरिजचा गाजलेला खुनी जेसन, पण पहिल्या भागात खुनी त्याची आई आहे, हॉकीचा मुखवटा तर तिसऱ्या भागात येतो, त्यामुळं कुणाच्या हातात नेमकं काय ह्याचाच गुंता. तुमच्या सहा भागांचे लेखक कोण, नाव कुणाकडं, कॅरेक्टर कुणाकडं, हे कागदावर बघितल्याशिवाय चार महिने घालवू नको, आणि तुझं स्वतःचं काँट्रॅक्ट पण मला पाठव, क्रेडिटचा कॉलम मोकळा असेल तर सही करू नको.

गेटचा सीन लिहिलास की आधी तोच पाठव, बाकीची नोट नंतर बघू. मी पुढचा आठवडाभर चित्रनगरीत शूटवर आहे, दिवसा फोन बंद असतो, रात्री नऊनंतर लाव.

तुझा,
सर