गोव्याला पोकर खेळायला निघालायस म्हणून

अरे, मेसेज वाचला तुझा. शुक्रवार रात्रीची कोकणकन्या, शनिवारी सकाळी करमळीला उतरणार, दुपारी पहिली टूर्नामेंट आणि रविवारी दुसरी. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू नुसतं हो ताई हो ताई करतोस, म्हणून लिहूनच पाठवते, गाडीत परत एकदा वाचता येईल.

सगळ्यात आधी पैशांचं. किती वेळा रि-एंट्री करायची, म्हणजे बाहेर पडल्यावर परत पैसे भरून बसायचं, हे तू आज, गुरुवारी, घरी बसून ठरव. टेबलावर नाही. हे इतकं ठासून सांगतेय कारण माझं पहिलं गोवा असंच गेलं होतं. शनिवारी दुपारी माझ्याकडे राण्यांची जोडी, समोरच्याकडे एक्का-राजा, सगळे चिप्स, म्हणजे खेळायच्या चकत्या, आत, आणि रिव्हरला, म्हणजे शेवटच्या उघड्या पत्त्याला, राजा आला. यात चुकीचं काहीच खेळले नव्हते मी, राण्या तिथे जेमतेम पुढे असतात, 100 पैकी 55-57 वेळा जिंकतात, बाकीच्या वेळा हरतातच. चूक त्यानंतर झाली. मी उठले आणि तशीच काउंटरवर गेले, मग परत गेले, मग परत. तिसऱ्यांदा जे पैसे भरले ते मुलीच्या क्लासच्या फीचे होते. घरी चार महिने सांगितलं नाही आणि ते चार महिने मला कुठल्याही हरलेल्या हातापेक्षा, म्हणजे डावापेक्षा, जास्त जड गेले, आजही आठवलं की पोटात कसंतरी होतं. हिशेबाचं काम करणारी बाई मी, दुसऱ्यांचे आकडे रोज तपासते, आणि त्या संध्याकाळी मला माझाच आकडा दिसत नव्हता. तेव्हा दोन एंट्री म्हणजे दोन, तेवढेच पैसे वेगळे काढ, बाकीचं कार्ड हॉटेलच्या खोलीत ठेव, आणि आईला किंवा निदान बहिणीला तो आकडा सांगून निघ. सांगायची लाज वाटेल इतका मोठा आकडा असेल तर तो कमी कर.

आता खेळाचं. तू मोबाइलवर शिकलास, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा येऊन पैशांचे ऑनलाइन गेम बंद झाले म्हणून आता लाइव्हकडे, म्हणजे समोरासमोरच्या टेबलाकडे, वळतोयस, हे मला कळतंय. पण वेग फार वेगळा आहे रे. मोबाइलवर एका टेबलवर तासाला साठ-सत्तर हात सहज व्हायचे, इथे डीलर पिसणार, वाटणार, कोणीतरी विचार करत बसणार, तासाला 25-30 झाले तर खूप. म्हणजे दहा तास बसलास तरी अडीचशे-तीनशे हात. एक्क्यांची जोडी सरासरी 221 हातांत एकदा येते, म्हणजे अख्ख्या शनिवारात एकदा, कदाचित एकदाही नाही. हे डोक्यात पक्कं असलं ना की तिसऱ्या तासाला जो कंटाळा येतो, "काहीच पत्ते येत नाहीयेत" असं वाटून माणूस गुलाम-सत्तीवर रेझ मारतो, म्हणजे रक्कम वाढवतो, ते होणार नाही. पत्ते येत नाहीयेत हेच नॉर्मल आहे. त्या वेळात बघ, कोण बिग ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधी सक्तीने घातलेली मोठी रक्कम, सोडून देतो, कोण रिव्हरला मोठी बेट लावली की खरंच चांगले पत्ते घेऊन बसलेला असतो. फोन खिशात ठेव, मोबाइलवाल्या पोरांचं अर्धं नुकसान तिथेच होतं.

बिग ब्लाइंडवर मात्र फार घाबरून सोडू नकोस. ब्लाइंड छोटा 100 आणि मोठा 200, अँटी, म्हणजे टेबलाच्या वतीने मध्ये घातलेली जास्तीची रक्कम, 200, एकाने 400 केले आणि बाकीच्यांनी पत्ते टाकले, तर मध्ये 900 आहेत आणि तुला फक्त 200 घालायचेत. 1,100 मधले 200, म्हणजे 18 टक्के वेळा जिंकलास तरी पुरतं. जरा बरे, जुळणारे पत्ते असतील तर बघायला हरकत नाही, पण फ्लॉप, म्हणजे मधले पहिले तीन उघडे पत्ते, लागला नाही तर मुकाट्याने सोडायचं, आता घातलेत तर अजून थोडे घालू असं नाही. आणि ब्लाइंड वाढत जातात तसं स्टॅक, म्हणजे तुझ्यासमोरचा ढीग, चिप्समध्ये मोजू नकोस, बिग ब्लाइंडमध्ये मोज. 30,000 सुरुवातीला दीडशे ब्लाइंड असतात, संध्याकाळी 1,500-3,000 झाले की तेच 30,000 म्हणजे फक्त दहा. दहावर आलास की कॉल करून, म्हणजे समोरच्याइतकेच घालून, बघू वगैरे बंद, एकतर ऑल-इन, सगळे चिप्स आत, नाहीतर फोल्ड, पत्ते टाकून मोकळं, आणि शक्यतो पहिला चिप्स ढकलणारा तू अस, दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करणारा नको, कारण ढकलणाऱ्याला समोरच्याने सोडून दिलं तरी पॉट, म्हणजे मध्ये जमलेले चिप्स, मिळतो, कॉल करणाऱ्याला पत्तेच जिंकावे लागतात.

लाइव्हचे काही नियम तुला माहीत नसतील. मोठा एकच चिप टाकलास आणि तोंडाने रेझ म्हणाला नाहीस तर तो कॉल धरतात, म्हणून आधी बोलायचं मग चिप टाकायचा. दोनदा हात पुढे करून थोडे थोडे चिप्स ढकलायचे नाहीत, त्याला स्ट्रिंग बेट म्हणतात, पहिला ढीग तेवढाच धरला जातो. पत्त्यांवर एखादा चिप ठेव, डीलरने चुकून तुझे पत्ते ओढून घेतले आणि मिसळले तर परत मिळत नाहीत. टेबलावर ओळखीचा कोणी मराठी मुलगा निघाला तर गप्पा मार खुशाल, पण हात चालू असताना पत्त्यांबद्दल एक शब्द नाही. काही गडबड वाटली तर भांडू नकोस, "फ्लोअर" म्हणून हात वर कर, म्हणजे निर्णय देणारा माणूस येतो. आणि अजून एक, टेबलावर बायका कमी असतात, एखादी बसली तर तिला पत्ते समजावून सांगायला जाऊ नकोस. मला दर वेळी कोणीतरी समजावतं.

एक्के घेऊन हरशील तेव्हाचं आधीच बोलून ठेवू. कुठल्याही जोडीविरुद्ध एक्के साधारण 80 टक्के. बरं वाटतं ऐकायला. पण टूर्नामेंटमध्ये खोलवर जायचं तर असे हात एकामागून एक जिंकावे लागतात, आणि 80 टक्क्यांचे पाच हात सलग जिंकायची शक्यता किती, गुणून बघ, 33 टक्क्यांच्याही खाली. म्हणजे तू सगळं बरोबर केलंस तरी तीनपैकी दोनदा कुठेतरी अडकणारच. साधारण आठातल्या एकाला बक्षीस मिळतं, त्यातही खालच्यांना बाय-इनच्या, म्हणजे भरलेल्या प्रवेश फीच्या, दुप्पट वगैरेच. 2003 मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकन अकाउंटंट 86 डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून, म्हणजे मोठ्या स्पर्धेतली जागा जिंकायच्या छोट्या स्पर्धेतून, पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटला पोचला आणि 25 लाख डॉलर जिंकला, ही गोष्ट तू मला तीनदा सांगितलीयस. माझ्याच पेशातला माणूस, मलाही आवडते ती गोष्ट. पण त्या वर्षी 839 जण बसले होते, मला उरलेल्या 838 जणांबद्दलही विचार करावासा वाटतो, त्यातले कित्येक छान खेळले असतील.

जिंकलास तर टॅक्सचं लक्षात ठेव. 10,000 च्या वर जिंकलं की 30 टक्के टीडीएस कापूनच हातात येतात, पॅन कार्ड बरोबर ठेव. आणि शनिवारी हरलेले पैसे, गाडीभाडं, हॉटेल, यातलं काही रविवारच्या बक्षिसातून वजा करता येत नाही, सेस धरून टॅक्स भरावाच लागतो. लोक इथे फसतात, अख्ख्या वीकेंडला चार पैसे सुटले असं वाटतं आणि टॅक्स धरला तर तोटा असतो. वही कर एक. बाय-इन, खर्च, आलेले पैसे, सगळं त्याच रात्री लिही, झोपायच्या आधी.

बाकी किरकोळ. स्वेटर ने, हॉलमधला एसी रात्री फार लागतो. दारू फुकट मिळाली तरी घेऊ नकोस, निदान चिप्स समोर असेपर्यंत नाही. दुपारी पणजीत जेवून घे नीट, पण थाळीवर थाळी नको, झोप येते. सोमवारची सुट्टी आत्ताच टाक, कारण रविवारी फायनल टेबलला पोचलास तर रात्रीचे दोन वाजतात आणि सकाळच्या ऑफिसच्या घाईत माणूस मूर्खासारखे चिप्स ढकलतो, मी बघितलंय.

आणि शनिवारी लवकर बाहेर पडलास, दोन्ही एंट्री संपल्या, तर त्या हॉलमध्ये थांबू नकोस. दुसऱ्यांचा खेळ बघत उभं राहिलं की पाय काउंटरकडे वळतात. जुन्या गोव्याला जा, तिथून फेरीबोटीने दिवाडी बेटावर. पलीकडे शेतं आहेत, छोटे रस्ते आहेत, सायकल मिळाली तर उत्तम नाहीतर चाल. मी गेल्या वेळी तिथेच गेले होते, पाच वाजता बोटीवर एक बाई टोपलीत मासे घेऊन शेजारी उभी होती, म्हणाली कुठून आलीस, म्हटलं ठाण्याहून, पत्ते खेळायला. हरलीस काय, असं विचारलं तिने, मी हो म्हटलं. मग उतरेपर्यंत आम्ही माशांच्या भावाबद्दल बोलत होतो.